मटार पनीर मटणाच्या रश्श्यासारखं करू नका: घरगुती पनीर नेमकं कुठे बिघडतं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी घरांत पनीर बऱ्याचदा मटणाच्या जागी येतं. श्रावण लागला, सोमवार आडवा आला, घरात कुणी माळकरी पाहुणा आला, की ज्यांना रस्सा लागतोच त्यांच्यासाठी पाव किलो पनीर आणलं जातं. मग हात आपोआप सवयीच्या वाटेने चालतो. सुकं खोबरं आणि कांदा भाजून वाटण, वर्षाच्या (वर्षभरासाठी कुटून ठेवलेल्या) चटणीचे दोन भरगच्च चमचे, तांब्याभर पाणी, आणि पनीर टाकून खळखळून उकळी. ताटात येतं ते लाल असतं, झणझणीत असतं, भाताबरोबर संपतंही. पण पंजाबातल्या किंवा उत्तर प्रदेशातल्या घरी होणाऱ्या मटार पनीरशी त्याचं काही नातं नसतं, आणि पनीर चावताना दातांखाली करकरतं.

ही तक्रार मी इतक्या घरांतून ऐकली आहे की तिचं मूळ सांगावंसं वाटतं. आपल्या रश्श्याला दाटपणा आणि चव येते वाटणातून, मग तो भरपूर पाण्यात उकळून मुरतो. उत्तरेकडच्या घरगुती पनीरला दाटपणा येतो कांदा-टोमॅटो तेलात शांतपणे परतण्यातून, आणि पनीर पडल्यावर तो रस्सा जेमतेम दोन-चार मिनिटं आचेवर राहतो. वेळ मसाल्याला द्यायचा असतो, पनीरला नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: मसाला पाच मिनिटांत आटोपतो आणि पनीर वीस मिनिटं रटरटतं. पुढच्या बहुतेक चुका या एका उलटेपणातून निघतात.

आणखी एक गैरसमज आधीच बाजूला करू. पुणे-बंगळूर महामार्गावर निपाणी, संकेश्वर ते बेळगावपर्यंतच्या ढाब्यांवर जे नारिंगी, गोडसर, लोण्याचा गोळा घातलेलं पनीर मिळतं, तो हॉटेलचा प्रकार. काजूची पेस्ट, क्रीम, लोणी ही हॉटेलची गरज आहे, कारण एकाच तयार ग्रेव्हीतून त्यांना दहा भाज्या काढायच्या असतात. घरगुती पनीरमध्ये यातलं काहीच लागत नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे, सांबऱ्याला हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आहे, त्यामुळे उत्तरेकडची कुटुंबं इथे कायम येत-जात राहिली. त्यांच्या शेजारी राहिलेल्या कुणालाही विचारा. त्यांचं रोजचं मटार पनीर फुलक्याबरोबर खायचं, थोडं पातळसर आणि आल्या-जिऱ्याच्या वासाचं असतं.

चार माणसांसाठी अंदाज असा: पनीर २५० ग्रॅम, सोललेले मटार एक वाटी, मध्यम कांदे दोन, टोमॅटो तीन, तेल तीन मोठे चमचे, जिरं एक छोटा चमचा, तमालपत्र एक, इंचभर आलं, लसणीच्या पाच-सहा पाकळ्या, हळद अर्धा छोटा चमचा, धणेपूड दोन छोटे चमचे, बेडगीचं तिखट दीड छोटा चमचा, गरम मसाला अर्धा छोटा चमचा, कसुरी मेथी चिमूटभर, आणि दीड ते दोन कप गरम पाणी.

मसाला कच्चा राहतो, आणि सगळं तिथेच बिघडतं

"सगळं घातलं, तरी चव येत नाही" असं जिथे ऐकू येतं, तिथे दहातल्या नऊ वेळा मसाला कच्चा असतो. कांदा नुसता काचेसारखा झाला की आपण टोमॅटो घालतो, टोमॅटो मऊ झाला की पाणी. असा रस्सा कितीही उकळला तरी त्यातला कच्च्या कांद्याचा उग्रपणा आणि टोमॅटोचा आंबट वास जात नाही.

यामागचं कारण समजलं की घाई करावीशी वाटत नाही. कांद्यात आणि टोमॅटोत भरपूर पाणी असतं. ते पाणी कढईत आहे तोवर मसाल्याचं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर जात नाही, म्हणजे तो शिजतो पण परतला जात नाही. पाणी उडालं की मगच तेल तापतं, कांद्यातली साखर तांबूस होते, धण्या-जिऱ्याचा वास तेलात उतरतो. म्हणून कांदा मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं, कडा सोनेरी होऊन सगळा कांदा बदामी दिसेपर्यंत परतायचा. चिमूटभर मीठ आधीच घातलं तर तो लवकर मऊ पडतो. झाकण मात्र ठेवू नका, वाफ आत कोंडते आणि कांदा उकडला जातो. पावसाळ्यातला ओलसर कांदा आणखी वेळ घेतो, तेव्हा घड्याळापेक्षा रंगावर विश्वास ठेवा.

मग आलं-लसूण. आपला हात लसणीकडे सैल असतो. या भाजीत आलं लसणीच्या बरोबरीने किंवा थोडं जास्त हवं. लसूण आधी तेलात टाकून कांदा नंतर घातला तर लसूण करपतो आणि तो कडूपणा शेवटपर्यंत राहतो, म्हणून कांदा बदामी झाल्यावरच आलं-लसूण घाला आणि मिनिटभर परता.

टोमॅटोला पुन्हा आठ-दहा मिनिटं. तेल कडेने सुटायला लागतं, मसाला गोळा होऊन उलथन्याबरोबर एकत्र फिरतो, रंग एक छटा गडद होतो. वास बदलतो ही सगळ्यात खात्रीची खूण. मध्येच मसाला तळाला लागू लागला तर दोन चमचे गरम पाणी शिंपडा आणि परतत राहा. त्याने काही बिघडत नाही, उलट तळाचा खरपूस भाग सुटून मसाल्यात मिसळतो. तेल मात्र फार कमी घेतलं असेल तर ते सुटलेलं दिसणारच नाही. चार माणसांच्या भाजीला एक चमचा तेल घेऊन तर्रीची वाट पाहण्यात अर्थ नाही.

टोमॅटो कुठला आहे तेही पाहा. जवारी, म्हणजे गावठी, टोमॅटो रसाळ आणि आंबट असतो, जाड सालीचा संकरित टोमॅटो गराचा आणि सौम्य. जवारी घेणार असाल तर तीनऐवजी दोन पुरेत. किसणीवर किसले की साल हातात राहते आणि गर नेमका मिळतो, मिक्सर धुवायचं कामही वाचतं. पाकिटातली प्युरी आटवलेली असते, ती टोमॅटोइतकी घालू नका.

कच्चा कांदा मिक्सरमधून काढून ठेवणं ही स्वतंत्र चूक आहे. कच्चा वाटलेला कांदा थोडा वेळ जरी तसाच राहिला तरी कडवट होतो, आणि पाणी सुटल्यामुळे त्याला रंगही येत नाही. गुळगुळीत रस्सा हवा असेल तर कांदा-टोमॅटो आधी परता, गार करा, मग वाटा. परतलेला मसाला गरम असतानाच बंद भांड्यात फिरवला तर वाफेने झाकण उडतं, तेव्हा तो गार होईपर्यंत घाई करू नये.

फोडणीत मोहरी आणि कढीपत्ता नको

हे सांगायला सोपं आणि पाळायला अवघड, कारण तेल तापलं की हात मोहरीच्या डब्याकडे जातोच. इथे फक्त जिरं, तमालपत्र आणि हवा तर हिंग. तेलात चमचाभर घरचं लोणकढं तूप मिसळलं तर जिऱ्याचा वास फार छान उठतो. उत्तर प्रदेशात बरीच घरं मोहरीचं तेल वापरतात, आपल्याला त्याची सवय नसेल तर शेंगतेल चालेल. पण घाण्याचं, उग्र वासाचं असेल तर ते पनीरचा सौम्यपणा झाकून टाकतं.

दाण्याचं कूट, सुकं खोबरं, तीळ, खसखस यांनाही इथे जागा नाही. खोबऱ्याचं वाटण पडलं की भाजी आपल्या रश्श्याकडे वळली. ती चांगली लागेल, पण मग तिच्याकडून उत्तरेची चव मागू नये.

चटणीचा डबा त्या दिवशी बंद राहू द्या

आपल्या वर्षाच्या चटणीत मिरचीबरोबर कांदा, लसूण, खोबरं, धणे, तीळ, दगडफूल असं बरंच काही कुटलेलं असतं. मटणाला, वांग्याला, उसळीला ती एकटी पुरते हेच तिचं वैभव. पण पनीर हा दुधाचा पदार्थ आहे, त्याची स्वतःची चव इतकी हलकी असते की दोन चमचे चटणी पडली की पनीर आहे की बटाटा हे डोळे मिटून सांगता येत नाही. शिवाय संकेश्वरी मिरचीचा तिखटपणा त्यात असेल तर मुलं ताट बाजूला सारतात.

इथे नुसतं मिरचीचं तिखट हवं, आणि त्यासाठी आपल्याला काश्मिरी मिरचीची पाकिटं शोधायची गरज नाही. बेडगी मिरची आपल्या जवळच्याच हावेरी जिल्ह्यातली. तिला २०११ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा, या भाजीला नेमकं हेच लागतं. बाजारात तिचे दोन प्रकार दिसतात, आखूड, फुगीर डब्बी आणि लांब, बारीक कड्डी. डब्बीला रंग जास्त, कड्डीला तिखटपणा जास्त. पनीरसाठी डब्बी घ्या, बिया काढून दळून आणा किंवा घरीच मिक्सरला लावा.

हा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. त्यामुळे तिखट रस्सा उकळताना वरून घातलं की रंग फिका राहतो आणि भुकटी तरंगते. उलट कडकडीत तेलात टाकलं तर काही सेकंदांत करपून तपकिरी आणि कडू होतं. टोमॅटो घालण्याच्या आधी गॅस अगदी बारीक करा, हळद, धणेपूड, तिखट घाला, लगेच दोन चमचे पाणी शिंपडा, अर्धा मिनिट परता, मग टोमॅटो. करपल्याचा वास आलाच तर तिथेच थांबा. तो कडूपणा साखरेने, सायीने किंवा आणखी टोमॅटोने झाकत नाही. दोन कांदे वाया गेले तरी चालतील, पण वर पाव किलो पनीर घालून सगळंच घालवू नका.

गरम मसालाही उत्तरेकडच्या पद्धतीचा साधा घ्या: मसाला वेलची, लवंग, दालचिनी, मिरी, जिरं. आणि तो शेवटी, गॅस बंद करताना. सुरुवातीला घातलेल्या गरम मसाल्याचा सुवास उकळीबरोबर निघून जातो.

पनीर चिवट का होतं

चीज वितळतं, पनीर वितळत नाही. पनीर आम्ल घालून फाडलेल्या गरम दुधाचं असतं, त्यातली प्रथिनं उष्णतेने सैल न पडता आणखी आवळतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. म्हणून "अजून शिजलं नाही वाटतं, ठेव जरा" हे वाक्य पनीरला लागू पडत नाही. ते कच्चं नसतंच. जितकं जास्त उकळाल तितकं ते घट्ट होत जाईल, आणि एकदा चिवट झालेलं पनीर पूर्ववत होत नाही.

रस्सा पूर्ण तयार करा, मीठ-तिखट चाखून पाहा, दाटपणा हवा तसा झाला की मग पनीर घाला. मंद आचेवर तीन-चार मिनिटं, गॅस बंद, वर झाकण, दहा मिनिटं तसंच. रस्सा पनीरमध्ये मुरतो तो या दहा मिनिटांत.

फ्रिजमधलं पनीर सरळ कढईत टाकू नका. तुकडे करून कोमट पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, अर्ध्या लिटर पाण्याला एक छोटा चमचा मीठ घालून. पनीर मऊ होतं आणि आतून अळणी लागत नाही. तळून घालायची आवड असेल तर तव्यावर थोड्या तेलात दोन बाजू जेमतेम सोनेरी करा आणि लगेच त्याच कोमट पाण्यात सोडा. भर तेलात लाल होईपर्यंत तळलेल्या पनीरला बाहेरून कातडं धरतं, ते कशानेही सुटत नाही. मला स्वतःला घरगुती रश्श्यात न तळलेलं पनीरच आवडतं, ताजं असेल तर तळणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे.

पनीर तुकडे पडून विरघळल्यासारखं होत असेल तर कारण वेगळं. घरी केलेलं असेल तर ते नीट दाबलं गेलेलं नाही किंवा थंड व्हायच्या आत कापलं. आपल्या भागात म्हशीचं दूध सहज मिळतं आणि पनीरला तेच उत्तम. लिटरभर दुधाचं साधारण २०० ग्रॅम पनीर होतं. दूध उकळून गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग दोन मोठे चमचे लिंबाचा रस तितक्याच पाण्यात मिसळून थोडा-थोडा घाला. खालचं पाणी हिरवट, नितळ दिसलं की थांबायचं. त्यापुढे घातलेल्या प्रत्येक थेंबाने पनीर आंबट आणि कडक होतं. फडक्यात गाळून त्यावर गार पाणी ओता, अर्धा तास वजनाखाली ठेवा, आणि तासभर गार पाण्यात किंवा फ्रिजमध्ये ठेवून मगच कापा. गाळलेलं पाणी फेकू नका. ते रश्श्यात साध्या पाण्याऐवजी वापरता येतं, फक्त थोडं आंबट असतं म्हणून एक टोमॅटो कमी करा. कणीक मळायलाही चांगलं.

विकतचं घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. कितीही काळजी घेतली तरी पनीर रबरासारखंच राहत असेल, तर ते मुळात पनीर नसण्याची शक्यता आहे. पनीरमध्ये कोरड्या वजनाच्या निदान ५० टक्के दुधाचं स्निग्ध असावं, असा आपल्याकडचा नियम आहे. पाकिटावर घटक वाचा: दूध आणि ते फाडायला वापरलेलं आम्ल, एवढंच पुरेसं आहे. पाम तेल, वनस्पती तेल, स्टार्च असं काही लिहिलं असेल तर ते पनीरची नक्कल करणारं काहीतरी वेगळंच. सुटं पनीर घेतलं आणि शंका आली तर एक छोटा तुकडा पाण्यात उकळून गार करा आणि त्यावर आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर पिठूळ भेसळ आहे. तो तुकडा खायचा नाही. या चाचणीत वनस्पती तेलाची भेसळ कळत नाही, त्यामुळे रंग आला नाही म्हणजे माल चोख असंही समजू नका. रोज ताजं करणारी, खप असलेली डेअरी धरणं हाच त्यातल्या त्यात चांगला मार्ग.

रस्सा फुटला, आंबटला, पातळ झाला

काही घरं टोमॅटो कमी करून दही घालतात. दही फुटतं ते एकदम आच लागल्याने, आणि आंबट, पाणचट दही जास्त फुटतं. उन्हाळ्यात दही पटकन आंबतं, तेव्हा हे हमखास होतं. फ्रिजबाहेर काढून ठेवलेलं ताजं दही कपाला चमचाभर बेसन घालून घोटा, गॅस बंद करून मसाल्यात मिसळा, मग बारीक आचेवर उकळी येईपर्यंत हात थांबवू नका. फुटलंच तर पनीर-मटार घालायच्या आधी मसाला गार करून मिक्सरमधून फिरवा, रस्सा बराचसा सावरतो.

घरची साय घालायची असेल तर ती आधी घोटून घ्या आणि गॅस बंद केल्यावर घाला. उकळत्या टोमॅटोत गार दूध ओतलं तर ते फाटणारच.

आंबटपणा मारायला आपण गुळाचा खडा टाकतो. या रश्श्यात गुळाचा स्वतःचा वास वर येतो, आणि साय किंवा दूध घालणार असाल तर गुळाने ते फाटूही शकतं. चिमूटभर साखर पुरे. खरं तर कांदा नीट बदामी झाला असेल तर त्याच्या गोडव्यानेच टोमॅटो सौम्य होतो आणि साखरही लागत नाही.

पातळ रश्श्याला तांदळाचं पीठ किंवा कॉर्नफ्लोअर लावू नका, चव पिठूळ होते. पनीर झाऱ्याने काढून घ्या, रस्सा मोठ्या आचेवर आटवा, मूठभर मटार त्यातच चेचा, आणि पनीर परत सोडा. पाणी नेहमी गरमच घाला, गार पाण्याने सुटलेलं तेल पुन्हा मसाल्यात मुरतं आणि तर्री येत नाही. मीठ जास्त झालं तर बटाट्याची फोड टाकून काढून घेण्याने काही होत नाही. उकडलेला बटाटा कुस्करून रश्श्यातच मिसळा आणि थोडं गरम पाणी वाढवा, मग मीठ पांगतं.

मटाराबद्दल थोडंच. थंडीतले ताजे मटार पाणी घातल्यावर रश्श्यात दहा-बारा मिनिटं, फ्रोजन असतील तर शेवटची पाच. सोडा नको, दाणा लिबलिबीत होतो. वाळका वाटाणा वापरणार असाल तर रात्रभर भिजवून कुकरला वेगळा शिजवा. पनीर मात्र कुकरमध्ये कधीच नाही.

कसुरी मेथी जास्त पडली की भाजी कडू होते. चार माणसांना चिमूटभर, तीही शेवटी. खानापूरकडच्या पावसात ती डब्यात सादळते, अशी सादळलेली मेथी चुरत नाही आणि वासही देत नाही. गरम तव्यावर, गॅस बंद करून, अर्धा मिनिट फिरवली की कुरकुरीत होते, मग तळहातावर चोळून घाला.

गणपतीत आणि मोठ्या पंगतीला

नैवेद्याच्या ताटासाठी कांदा-लसूण नको असेल तर रस्सा टोमॅटो, आलं, हिंग आणि धणेपुडीवर उभा करायचा. कांदा नसल्यामुळे गोडवा कमी आणि आंबटपणा जास्त, म्हणून टोमॅटो गराचे घ्या आणि त्यांना वरच्यापेक्षा पाच मिनिटं अधिक परता. इथे चमचाभर घोटलेली साय घातली तर शोभते.

पन्नास माणसांचं पनीर करताना मोठ्या पातेल्यात सगळं एकत्र शिजवून ठेवणं हीच सगळ्यात महागडी चूक. पंगत उशिरा बसते, पातेलं पुन्हा-पुन्हा गरम होतं, आणि तिसऱ्या पंगतीपर्यंत पनीरचे खडे होतात. पंगतीच्या दिवशी रस्सा आधी करून ठेवा, पनीर मिठाच्या कोमट पाण्यात वेगळं ठेवा, आणि प्रत्येक पंगतीपुरता रस्सा उकळून त्यात पनीर सोडा. ते पाणी दर तासाला बदला, कोमट पाण्यात पनीर जास्त वेळ राहिलं तर आंबतं.

रात्री उरलेली भाजी गार झाली की लगेच फ्रिजमध्ये टाका. सकाळी डब्याला न्यायची असेल तर पनीर बाजूला काढून नुसता रस्सा थोडं पाणी घालून उकळा, मग पनीर घालून झाकून ठेवा. इतकं करूनही पनीर घट्टच वाटलं तर ते किसून पराठ्यात भरा, आणि उरलेल्या रश्श्यात उकडलेला बटाटा घाला.